टोस्टची वाइन

"वाइन तुमची की आमची?" हॉलच्या मॅनेजरने विचारलं आणि फॉर्मवर पेन टेकवून तो थांबला.

त्याआधी त्याने बरंच काही विचारून घेतलं होतं. खुर्च्यांना पांढरी कव्हरं की मोतिया, केक किती मजली, बँडवाले स्टेजच्या डावीकडे बसले तर चालतील का. सगळ्याची उत्तरं आई आणि मी फटाफट देत होतो. ह्या एका प्रश्नाला मात्र आईने माझ्याकडे पाहिलं, मी पप्पांकडे पाहिलं, आणि पप्पांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माडांकडे पाहिलं.

मॅनेजरला वाटलं आम्हाला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं. हॉलची वाइन घेतली तर बाटल्या तेच आणणार, ग्लास तेच भरणार. घरची आणायची असेल तर तसं पत्र द्यायचं आणि आदल्या संध्याकाळी बरण्या किचनमध्ये पोचवायच्या. "इनासभाई असताना तुम्ही बाहेरची घेणार नाही म्हणा," असं म्हणून पप्पांकडे बघत तो हसला आणि लिहायलाही लागला. आईने पटकन टेबलावर हात ठेवला. "रविवारी सांगतो," ती म्हणाली.

आमच्याकडे, वसईच्या ख्रिस्ती लग्नात, चर्चमधला विधी झाला की संध्याकाळी हॉलवर टोस्ट होतो. कुणीतरी वडीलधारा माइक घेऊन नव्या जोडप्याबद्दल चार शब्द बोलतो आणि मग सगळ्यांनी ग्लास उंच करायचा. त्या ग्लासातली वाइन मुलीच्या घरची असावी अशी आमच्या आळीची रीत. आणि वाइन म्हटलं की आमच्या आळीत लोक माझ्या वडिलांचं नाव घ्यायचे. पप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, पण त्यांची ओळख बरण्यांवरून. कुणाच्या मुलीचं ठरलं की तो माणूस काळ्या मनुका आणि साखर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. पप्पा मजुरी घ्यायचे नाहीत. टोस्टच्या वेळी पहिला घोट घेतल्यावर लोक मान वळवून त्यांना शोधायचे, तेवढं त्यांना पुरायचं.

वाइनचा आणि पप्पांच्या पिण्याचा संबंध कुणी कधी जोडला नाही. पीत होते ती वेगळी, देशी, नाक्यावरून येताना घेतलेली. वाइनला आमच्याकडे कुणी दारू म्हणतच नाही. ती चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत असते, बाळंतिणीला चमचाभर देतात, म्हाताऱ्यांना रात्री जेवणानंतर देतात. त्यामुळे आळीतला सर्वांत मोठा पिणारा आणि सर्वांत चांगली वाइन करणारा एकच माणूस आहे, ह्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. आईच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. ते कशामुळे, हे आम्ही घरात कधी बोललो नाही.

लग्न ठरलं तेव्हा पप्पांनी दारू सोडून एक वर्ष सात महिने झाले होते. घाटावर सिस्टरांचं एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे ते तीन महिने राहून आले होते. निघताना सिस्टरने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून द्या. आईने ते अक्षरशः पाळलं. नाताळच्या केकमधली रम बंद झाली. माळ्यावरच्या दोन मोठ्या बरण्यांत तिने तांदूळ भरून टाकले. पप्पा दर गुरुवारी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जायचे. वर्ष पूर्ण झालं तेव्हा तिथे त्यांना एक पितळी बिल्ला मिळाला, मोठ्या बटणाएवढा. तो शर्टाच्या खिशात असायचा. बोलता बोलता त्यांचा अंगठा खिशात जायचा आणि आत कापडाखाली गोल गोल फिरत राहायचा. आई ते बघायची आणि तिचा चेहरा सैल व्हायचा.

हॉलवरून आल्यावर आई कोळंबी सोलायला बसली आणि म्हणाली, "हॉलचीच घेऊ."

मी म्हटलं लोक विचारतील.

"विचारू देत. दोन दिवस विचारतील."

मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, नीट ऐकू यावं म्हणून. मी तिला सांगितलं की पप्पांचा मान आहे तो. पावणेदोन वर्षं माणूस मान खाली घालून चर्चला जातोय, शेवटच्या बाकावर बसतोय. आपल्याच मुलीच्या लग्नात त्यांच्या हातची वाइन नसली तर तीनशे माणसांना कळेल की घरच्यांचासुद्धा विश्वास नाही. मी छान बोलले. आई कोळंबीचे धागे काढत राहिली.

"आणि वाइनच तर आहे, आई," मी म्हटलं. "दारू थोडीच आहे?"

तिने हात थांबवला. ही गोष्ट तिनेही जन्मभर ऐकलेली आणि म्हटलेली होती.

शनिवारी हिल्डाआंटी आल्या, माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, एल्रॉयच्या आई. त्या नायगावला शाळेत मुख्याध्यापिका होत्या, विधवा, शिस्तीच्या. त्यांना बघून मी पदर नसतानाही पदर सावरायचे. लग्न ठरायच्या आधी त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा सहज बोलून गेल्या होत्या की एल्रॉयसाठी आधी दोन स्थळं चांगली आली, पण मुलींच्या घरात बाटली होती म्हणून आम्ही पुढे गेलोच नाही. त्यावर आई पाणी आणायला उठली. पप्पा तेव्हा कामावर होते. मी म्हटलं होतं की आमच्याकडे तसलं काही नाही. ते तेव्हा खरंच होतं, म्हणून माझी जीभ अडखळली नाही. घाटावरचे तीन महिने मी एल्रॉयलाही सांगितले नव्हते. पप्पांची तिकडे बदली झाली होती, असं सांगितलं होतं.

त्या शनिवारी हिल्डाआंटी पाहुण्यांची यादी घेऊन आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "टोस्टची वाइन इनासभाईंच्या हातचीच ना? आमच्याकडे सगळे त्याचीच वाट बघतायत. माझे मोठे दीर तर म्हणाले, मी भाषण करीन ते त्या एका ग्लासासाठी."

पप्पा आत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डावा कान आमच्याकडे करून, आणि तिला नीट ऐकू आलं नसावं.

"हो तर," मी म्हटलं. "बरण्या उतरवल्यासुद्धा."

हिल्डाआंटी समाधानाने हसल्या. त्या गेल्यावर मी माळ्यावर चढले आणि तांदूळ डब्यांत काढून बरण्या खाली आणल्या. रविवारी मॅनेजरला पत्र दिलं.

संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसले होते. समोर बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या होत्या, त्या आत घ्यायच्या होत्या. मी एक उचलली तर ते म्हणाले, "राहू दे, जड आहे." अंगठा खिशात फिरत होता.

"मी करू ना, जसू?"

"तुमच्याशिवाय कोण करणार, पप्पा?"

"नाही म्हणजे... रोजमावशी पण करते हल्ली. बरी करते म्हणतात."

"रोजमावशीची काकवीसारखी लागते. तुम्हीच म्हणता."

ते हसले. मग म्हणाले की चव आई बघेल, मी फक्त हलवीन आणि वास घेईन, वासावर बरंच कळतं. मी म्हटलं, हो. आज मला तो ओटा दिसतो, पालथ्या बरण्या दिसतात, आणि त्यांचं ते वर बघणं दिसतं. त्यांनी मला दोनदा वाट करून दिली होती. एकदा विचारून आणि एकदा रोजमावशीचं नाव घेऊन. दोन्ही वेळा मी ती हसून बुजवली.

नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनी वाइन घातली. मनुका दोन पाण्यांनी धुतल्या, पाट्यावर ओबडधोबड ठेचल्या, साखर, गहू, दालचिनीचे तुकडे, कोमट पाण्यात फुलवलेलं यीस्ट. बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं आणि वर सुतळी. मग एकवीस दिवस रोज एकदा लाकडी डावाने हलवायचं, एकाच दिशेने. कोठीच्या खोलीत तो गोड आंबूस वास भरला आणि घरातून बाहेर आळीत गेला. जाणारे येणारे थांबायला लागले. इनास, घातलीस का, म्हणून विचारायला लागले. पप्पा ओट्यावर उभे राहून उत्तरं द्यायचे. त्या दिवसांत ते चर्चमध्ये मधल्या बाकावर बसायला लागले होते. ते दिवस चांगले होते. हे खोटं नाही, म्हणून तर ते विसरता येत नाहीत.

मला ते शिकवायचे. माझ्या हातात डाव द्यायचे, वरून आपला हात धरायचे, मी पाच वर्षांची असल्यासारखी. एकदा म्हणाले, "लोकांना वाटतं वाइन गोड पाहिजे. पहिल्या घोटाला गोड लागली तर समज, कच्ची आहे. आधी तुरट लागली पाहिजे. जीभ जराशी आकसली पाहिजे. गोडी मागून येते, घशात. ती येईपर्यंत माणसाने थांबायला पाहिजे." मग स्वतःच लाजून म्हणाले, "हे मला वाइनपुरतंच कळलं."

चौदाव्या दिवशी आईला चव बघायला बसवलं. तिने चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली बरी आहे.

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी."

"तुरट आहे की आंबट आहे?"

"वाइनसारखी लागते," आई म्हणाली.

पप्पांनी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं माझ्या हातची पितेस, म्हणाले, आणि तुला अजून जीभ आली नाही. आई म्हणाली की सव्वीस वर्षांत तुमच्या हातचं जे जे वाट्याला आलं त्यात वाइनच तेवढी बरी होती. मग पप्पाच आधी हसले, मग आई, तोंडाला पदर लावून. त्या गोष्टीवर आमचं घर तेव्हा पहिल्यांदा हसलं. मला वाटलं आता सगळं मागे पडलं.

पण पप्पांचा प्रश्न तसाच राहिला होता. साखर वाढवायची की नाही हे त्यांना कळायला हवं होतं, आणि ते त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. दोन दिवस ते बरणीवर वाकून वास घेत होते. रोजमावशीला बोलवू का, असं मी विचारलं. तिला काय कळतंय, असं म्हणाले.

सतराव्या दिवशी शनिवार होता. मी शाळेत क्लार्क होते, शनिवारी अर्धा दिवस. एकच्या सुमारास घरी आले. आई चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमीला गेली होती. दार उघडंच होतं. आत आल्यावर आम्ही सवयीने आल्ताराकडे बघतो, भिंतीवरची ती छोटी फळी, येशूची तसबीर आणि खाली मेणबत्ती. मेणबत्तीच्या पुढ्यात पप्पांचा बिल्ला ठेवलेला होता.

तो खिशाबाहेर मी कधी पाहिला नव्हता.

कोठीतून डावाचा आवाज येत होता. मी दाराशी गेले. पप्पांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी डावाने वाटीत थोडी वाइन घेतली, वास घेतला, ओठाला लावली, तोंडात फिरवली आणि खाली ठेवलेल्या तसराळ्यात थुंकली. मग तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली. नीट, दोनदा. पुन्हा वाटीत घेतली. पुन्हा थुंकले, पुन्हा चूळ भरली. मी हाक मारणार होते. माझं तोंड उघडलेलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि थुंकले नाहीत. डोळे मिटून तसेच उभे राहिले. बराच वेळ. त्यांचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यावर येतात तसे.

मी मागच्या मागे सरकले. लग्नाला सहा आठवडे होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आईला कळलं असतं तर तिने दोन्ही बरण्या त्याच दुपारी मोरीत ओतल्या असत्या, आणि मग हिल्डाआंटींनी विचारलं असतं, का. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात आलं, इतकं स्वच्छ की जणू आधीच लिहून ठेवलं होतं. आई तासाभरात येणार होती आणि आल्यावर तीही आल्ताराकडेच बघणार होती. मी बिल्ला उचलला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. चपला हातात घेऊन बाहेर गेले. फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली आणि "पप्पा, मी आले" म्हणत पुन्हा घरात शिरले.

लग्नानंतर बोलू, असं मी ठरवलं. जानेवारीत, सगळं पार पडलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना आल्ताराशी उभं पाहिलं. त्यांनी मेणबत्ती उचलून बघितली, पुन्हा ठेवली. मागे वळून आईकडे पाहिलं. ती चपात्या लाटत होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा विसळत होते आणि विसळतच राहिले. ते चहा घ्यायला बसले. त्या दिवसापासून त्यांचा अंगठा रिकाम्या खिशात फिरायला लागला. आईला वाटायचं, आत बिल्ला आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी माझं लग्न झालं. लग्नाच्या मिस्सेत नवरानवरीला आणि दोघांच्या आईवडिलांना भाकरीबरोबर कपातून द्राक्षरस, म्हणजे वाइनही देतात. फादर कप घेऊन पप्पांपुढे आले तेव्हा पप्पांनी हात जोडले आणि मान हलवली. नको. फादर हसले आणि पुढे गेले. ज्यांना पप्पांचं ठाऊक होतं त्या पहिल्या तीन बाकांतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. आईने त्यांचा दंड घट्ट धरला, ती इतकी ताठ उभी होती की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मी पप्पांच्या शेजारीच उभी होते. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. सकाळी सात वाजल्यापासून येत होता.

टोस्टला एल्रॉयचे काका छान बोलले. ग्लास वर गेले. पहिल्या घोटानंतर हॉलमध्ये तो जुना आवाज झाला, तीनशे माणसांचा एकदम गप्प झाल्याचा, आणि माना वळल्या. हिल्डाआंटींनी पप्पांना हात जोडून म्हटलं, "ह्याला म्हणतात हात." पप्पा स्टेजच्या पायरीशी नव्या सुटात उभे होते, हसत होते. सुट खांद्यात थोडा मोठा झाला होता.

मी ग्लास ओठांना लावला आणि खाली ठेवला. फोटोत कळत नाही.

जानेवारीत मी बोलले नाही. मी सासरी होते. फेब्रुवारीत आईने फोनवर सांगितलं की पप्पा गुरुवारी मीटिंगला जात नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होईपर्यंत नाक्यावरची देशी घरात आली होती. ईस्टरला एल्रॉयने त्यांना रिक्षातून उतरवून घेतलं आणि त्याला सगळं कळलं. मी घाबरत होते ते ह्याला. त्याने फक्त विचारलं, "किती वर्षांपासून?" हिल्डाआंटी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आमच्या घरी गेल्या, आईजवळ बसल्या. त्यांचा सख्खा भाऊ असाच गेला होता. म्हणून तर त्या स्थळांबद्दल तसं बोलायच्या. मला म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस, बाळा. वाइन मागितलीच नसती मी." एवढंच. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. तिच्या बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी मागच्या महिन्यात आम्ही त्याच हॉलवर गेलो होतो. मॅनेजर तोच. त्याने केकचं विचारलं, खुर्च्यांचं विचारलं आणि पुढच्या रकान्यावर पेन आणून थांबला. मग काही न विचारता त्याने तिथे रेघ मारली. आई खिडकीबाहेर बघत होती. तिला सतराव्या दिवसाचं अजून माहीत नाही. बिल्ला पप्पांनी कुठेतरी हरवला, असं ती म्हणते, आणि तिथूनच सगळं बिघडलं असं तिला वाटतं.

पप्पा गेले ते माझ्या लग्नाच्याच वर्षी, ऑक्टोबरात. शेवटच्या आठवड्यात मी दुपारी हॉस्पिटलात भेटीच्या वेळेला जायचे, आई तेवढ्यात घरी जाऊन आंघोळ करून यायची. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं, हात मात्र काड्या. पाणी मोजून द्यायचं होतं. मी ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसायचे.

त्या दिवशी ते शुद्धीवर होते. मला बघून बरं वाटलं त्यांना. एल्रॉयची चौकशी केली. मग छताकडे बघत म्हणाले, "वाइन कशी झाली होती गं? तू सांगितलंच नाहीस."

"छान झाली होती, पप्पा," मी म्हटलं. "एकदम गोड."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फडकं पिळत होते. ते किती वेळ बघत होते कोण जाणे.

"गोड नव्हती," ते म्हणाले. "तू घेतलीच नाहीस."

मी फडक्याची घडी घातली.

"का नाही घेतलीस?"

शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा मुलगा त्याला मोसंबी सोलून देत होता. साल फाटल्याचा बारीक आवाज येत होता.

पप्पांचा हात पांघरुणाखालून बाहेर आला, छातीशी गेला, हॉस्पिटलच्या शर्टाला खिसा नव्हता तिथे थांबला.

"म्हणजे बिल्ला तू उचललास," ते म्हणाले.

रागाने नव्हे. फार दिवस शोधलेली एखादी वस्तू अगदी जवळच सापडावी, तसे म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं, आईनं." त्यांना दम लागत होता, ते थांबून थांबून बोलत होते. "मी मुद्दाम ठेवला होता तिथं. येताजाता दिसेल, कुणीतरी विचारील, म्हणून. विचारलं की सांगणार होतो." मग थोडं थांबून, "सकाळी बघितलं तर उचललेला. आणि कुणीच काही बोललं नाही. तेव्हा मला वाटलं, चालतंय घरात."

मी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्यांच्या ओठांवर ठेवलं. त्यांनी ते ओठांत धरून चोखलं, जेवढं पाणी होतं तेवढं. मग डोळे मिटून घेतले.

"गोडी मागून येते," ते म्हणाले. "थांबायला पाहिजे होतंस एक घोट घेऊन."

चार वाजता आई आली. तिने ओले केस सुकवायला मोकळे सोडले होते. ती त्यांच्या डोक्याशी बसली, आपला उजवा कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि मला विचारलं, काय म्हणत होते?

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मागत होते."